दुपारी दोनची गर्दी

त्याला सगळे गर्दी म्हणत. तो गर्दीत असायचा म्हणून नव्हे, तो एकटाच गर्दी होता म्हणून. बावीस वर्षं त्यानं डबिंगच्या स्टुडिओत बाजाराचे, सभेचे, दवाखान्याच्या रांगेचे आणि दंगलीचे आवाज दिले. पडद्यावर नायक कोर्टातून बाहेर आला की मागे जो कालवा उठतो, ‘अरे हाच तो’, ‘सोडा त्याला’, ‘ढकलू नका हो’, त्यातला निम्मा कालवा हा एकटा करी. म्हाताऱ्याचा आवाज, बाईचा आवाज, सर्दी झालेल्या हवालदाराचा आवाज. माइकपासून एक पाऊल मागे सरकला की दुसरा माणूस, मान फिरवली की तिसरा. काचेमागचा रेकॉर्डिंगवाला ओरडे, “गर्दीला पाठवा रे आत!” आणि हा एकटाच आत जाई. नवखे लोक बाकीच्यांची वाट बघत दाराकडे पाहत राहत. बाकीचे कुणी नसतच.

त्या बावीस वर्षांत स्वतःच्या आवाजात मात्र त्यानं एक वाक्यही दिलं नव्हतं. कुणी मागितलंच नाही. मग गर्दी यंत्रातून तयार मिळायला लागली, हवी तेवढी, हवी तेव्हा आणि चहा न मागणारी. स्टुडिओनं त्याला पाठीवर हात ठेवून, अगदी प्रेमानं घरी बसवलं.

घरी कुणी नव्हतं. लग्न केलं नाही असं तो सांगे, पण खरं म्हणजे ते राहून गेलं. आई होती तोवर घराला आवाज होता: टीव्हीचा, काठीचा, ‘आलास का रे’चा. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. राहता राहिली थोरली बहीण. ती दुसऱ्या गावी असे, रविवारी फोन करून जेवलास का विचारी, सुनेच्या चार तक्रारी सांगे आणि ठेवून देई. बाकीचे सहा दिवस हा दुकानदाराशी ‘अर्धा डझन अंडी’ एवढंच बोले. एकदा तर ओळीनं तीन दिवस त्याचं तोंडच उघडलं नाही. चौथ्या दिवशी जिन्यात शेजाऱ्यानं हाक मारली, तर ‘ओ’ द्यायच्या ऐवजी घशातून नुसती हवा निघाली. ज्याच्या घशावर अख्खे बाजार भरले, त्याची ही गत! त्या दिवशी तो मनापासून घाबरला.

त्याच आठवड्यात स्टुडिओतल्या एका जुन्या सोबत्यानं निरोप दिला. एका कंपनीला बोलता येणारी माणसं हवी होती.

कंपनीनं व्हिडिओ गेमचं एक नवं यंत्र बाजारात आणलं होतं. नाव ‘जोडी’. या धंद्यात दोन-तीन बडी धेंडं आधीच पाय पसरून बसलेली, त्यांच्यात शिरायचं तर काहीतरी वेगळं हवं. म्हणून यांनी जाहिरात केली की बाकीच्या यंत्रांवर तुम्ही यंत्राशीच खेळता, ‘जोडी’वर समोर नेहमी माणूस असेल. खोक्यात दोन कंट्रोलर, कानाला लावायचा हेडफोन-माइक आणि वरती दोन हातांचं चित्र. कल्पना झकास होती. लोकांनी थोडीफार खोकी घेतलीही. पण घरी जाऊन चालू केलं की पडद्यावर ‘जोडीदार शोधत आहोत’ असं यायचं आणि एक गोल चकरा मारत बसायचा. जोडीदार नाही म्हणून माणूस वैतागून यंत्र बंद करी, आणि त्यानं बंद केलं म्हणून पुढच्याला जोडीदार मिळत नसे. यंत्र चांगलं असून धूळ खात पडायला लागलं. तेव्हा कंपनीनं पगारी जोडीदार नेमले.

फर्निचरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा राखाडी फोम, बारा टेबलं, बारा टीव्ही, मध्ये प्लायवूडचे आडोसे. खालून दिवसभर पॉलिशचा वास येई. तिथली प्रमुख एक तिशीची मुलगी होती. सगळे तिला मॅडम म्हणत आणि ती याला काका म्हणे.

“मॅडम, ही फसवाफसवी नाही का?” पहिल्या दिवशी त्यानं भीत भीत विचारलं.

“कशी काय? समोर माणूस असेल असं आपण म्हटलंय. तुम्ही माणूसच आहात ना काका?”

माणूस तर तो होता. आपण पगारी आहोत हे कधी कुणाला सांगायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. नाव दर खेळाला बदलायचं, कारण तेच तेच नाव दिसलं की गिऱ्हाइकाला कळतं की घर रिकामं आहे. आणि जिंकायचं नाही. हरायचं, पण हरतोय हे दिसू द्यायचं नाही. संध्याकाळी रजिस्टरात समोरच्याचं नाव लिहून पुढे शेरा मारायचा. एकदोनदा येऊन गेला तर ‘पाहुणा’, दहाच्या वर वेळा आला तर ‘पक्का’. सगळा जीव त्या पक्क्यांवर टांगलेला होता. मोसम संपेपर्यंत पुरेसे पक्के झाले नाहीत तर मुख्य ऑफिस गाशा गुंडाळणार, आणि बारा टेबलांवरची माणसं पुन्हा आपापल्या घरी जाऊन माशा मारणार.

हाताचा वेग त्याच्याकडे नव्हता. मोटारींच्या खेळात त्यानं पहिल्याच वळणावर गाडी समुद्रात घातली. म्हणून त्याला सगळ्यात संथ खेळ दिला, ‘नावाडी’. एक नदी, एक होडी, दोन वल्ही. डावं एकाचं, उजवं दुसऱ्याचं. दोघांनी एका तालात वल्हवलं तर होडी सरळ जाते, एकजण घाईवर आला की गोल फिरते. खडक चुकवत, भोवरे टाळत एकेक टप्पा पार करून पलीकडच्या घाटाला लागायचं. असे चाळीस टप्पे.

रविवारी बहिणीनं फोनवर कपाळाला हात लावला असावा. “पन्नाशी उलटली आणि आता ऑफिसात जाऊन करतोस काय?”

“वल्हवतो.”

“पाणी कुठे आहे तिथे?”

“टीव्हीत.”

बहीण म्हणाली, “बरं. जेवलास का?”

खेळणं जमो न जमो, माणसं करणं त्याच्या हातचा मळ होता. आठवड्याभरात त्यानं सात जण उभे केले. एक मास्तर, निवृत्त, दर वाक्याआधी खोकणारे, जरा खडूस. एक आत्याबाई, गुडघ्यानं बेजार पण जिभेनं तुरतुरीत. एक फौजदार, जो होडीलाही हुकूम सोडी. एक नवा गडी, चूक नसताना माफी मागणारा. शिवाय एक झोपाळू, एक शंकेखोर आणि एक असा, की हसायला लागला की थांबेचना. कुणी काय सांगितलं हे चुकू नये म्हणून त्यानं एक छोटी वही केली, दर माणसाला दोन पानं. स्टुडिओची शिस्त होती ती, बाजारातल्या भाजीवाल्यानं सभेत टाळी वाजवायची नसते.

पहिले काही दिवस पाहुणेच आले. दहा मिनिटं वल्हवायचे, कंटाळून जायचे. मग एका मंगळवारी, दुपारी बरोबर दोन वाजता पडद्यावर ‘सुईदोरा’ असं नाव उमटलं. रिकाम्या घरात शिरताना बिचकत हाक द्यावी तसा बाईचा आवाज आला.

“हॅलो? कुणी आहे का?”

“आहे ना,” तो मास्तरांच्या गळ्यातून खोकला. “बसा. डावं वल्हं तुमचं.”

“मला येत नाही हो खेळायला.”

“आम्हाला तरी कुठे येतंय? घ्या, एक… दोन…”

होडी गोल फिरली. पुन्हा फिरली. तिसऱ्यांदा फिरली तेव्हा ती बाई खळखळून हसली आणि मग एकदम गप्प झाली, आपण हसलो याचं तिचं तिलाच नवल वाटल्यासारखी.

ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही. बरोबर दोनला यायची, चारला जायची. शिवणकाम करते म्हणाली, शाळेचे गणवेश वगैरे. यंत्र मुलीसाठी घेतलं होतं, मुलगी सुट्टीला येणार होती, ती आली नाही, म्हणून मग स्वतःच खोकं उघडलं. अकराव्या दिवशी गर्दीनं रजिस्टरात तिच्या नावापुढे पहिल्यांदा ‘पक्की’ असं लिहिलं आणि मॅडमनी सगळ्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. त्याला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. शाळेत कधी मिळालं नव्हतं.

दोन ते चार ‘नावाडी’वर तो एकटाच असे, त्यामुळे रोज तीच होडी आणि तीच बाई. माणूस तेवढा बदले. “आज कोण?” ती विचारी आणि आवाज ऐकला की खूश होई. “फौजदार का? बापरे! नीट बसते मग.” एकदा मात्र म्हणाली, “तुम्हा लोकांचं आपसात भांडण आहे का हो? मास्तर असले की आत्याबाई नसतात, आत्याबाई असल्या की मास्तर नाहीत.”

“होडी एक, वल्ही दोन,” शंकेखोर म्हणाला. “तिसरा बसणार कुठे?”

“तेही खरंच.”

मास्तरांना ती सांगे की मुलगी रोज फोन करते. “कालच म्हणाली, आई, तू तब्येतीला जप. फार जीव आहे तिचा.” मास्तर खोकून “वा, वा” म्हणत. आत्याबाईंना मात्र तिनं एका दुपारी, विसाव्या टप्प्यावरच्या संथ पाण्यात, हळूच सांगितलं की चार महिने झाले, मुलीचा फोन नाही. आपण केला तर ‘हो’, ‘नाही’, ‘बघते’ एवढंच. काय चुकलं तेही सांगत नाही. “कुणाला बोलू नका हो आत्याबाई. मास्तरांना तर मुळीच नको. ते कडक आहेत, म्हणतील आईनंच बिघडवलं असेल.”

“माझ्या तोंडून ब्रसुद्धा निघायचा नाही,” आत्याबाई म्हणाल्या. वहीत आत्याबाईंच्या पानावर त्यानं ‘फोन नाही’ असं लिहिलं, मास्तरांच्या पानावर ‘रोज फोन’, आणि दोन्ही पानं किती तरी वेळ समोर ठेवून बसला. बाईनं मास्तरांपुढे मान ताठ ठेवली होती. ती तशीच राहू द्यायची, असं त्यानं ठरवलं.

त्यालाही बोलायला जागा मिळाली. आत्याबाईंचा गुडघा हा त्याच्या आईचा गुडघा होता. जिना चढताना आई तिसऱ्या पायरीवर थांबून घाम पुसायची, ते सगळं त्यानं आत्याबाईंच्या नावावर सांगून टाकलं. झोपाळूनं एकदा जांभई देत कबूल केलं की घरात कुणी नसलं की संध्याकाळी दिवा लावायचाही कंटाळा येतो. “अहो, मलाही!” ती पलीकडून म्हणाली. खरं बोलायचं झालं की त्याला एक खोटा माणूस लागे. पण रविवार त्याला खायला उठायला लागला, आणि सोमवारी तो पावणेदोनलाच हेडफोन चढवून बसू लागला, हे काही खोटं नव्हतं.

असे तीन महिने गेले. खोलीत हळूहळू बरेच पक्के झाले होते. शेजारच्या टेबलावर चष्मेवाली म्हणून एक होती, आधी फोनवरून विमा विकायची. ती टेबल-टेनिसचा खेळ खेळे. तिचा सगळ्यात पक्का गडी ‘वादळ’ नावाचा. एका सोमवारी त्यांचा एकच डाव सुरू झाला आणि तासभर संपेचना. चष्मेवाली चेंडू बाहेर मारी, तर वादळ त्याहून बाहेर मारी. ती सर्व्हिस जाळ्यात घाली, तर तोही घाली. अकरा-अकरा, बारा-बारा, अठरा-अठरा. सगळी खोली आपापले खेळ सोडून तिच्यामागे जमली. शेवटी चष्मेवाली माइकमध्ये कडाडली, “अरे जिंक की मेल्या!”

पलीकडून बिचारा आवाज आला, “ताई, आम्हाला परवानगी नाही.”

कंपनीनं दुसऱ्या गावात आणखी एक खोली उघडली होती आणि इकडे कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. तिथेही टेबलं, तिथेही फोम, तिथेही एक मॅडम. दोन्हीकडचे पगारी तीन महिने एकमेकांशी अदबीनं हरत होते आणि रजिस्टरात एकमेकांपुढे ‘पक्का’ लिहून टाळ्या घेत होते. खोलीत आधी हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग एकेकाचं तोंड उतरत गेलं, कारण प्रत्येकाला आपापला पक्का आठवला. मॅडमनी मुख्य ऑफिसला फोन लावला. तिकडच्यांची नावं मिळणार नाहीत, असं उत्तर आलं.

त्या संध्याकाळी गर्दी घरी गेला, जेवला नाही आणि वही उघडून बसला. सुईदोरा. रोज दोनला येते, चारला जाते, मिनिटाचा फरक नाही. घरची माणसं अशी येतात का? ही तर शिफ्ट झाली. कधी चिडत नाही. कुणाचा पत्ता विचारत नाही. दर चार वाक्यांनी ‘या यंत्राचा फार आधार आहे हो’ म्हणते, आणि यंत्राची स्तुती करायला मॅडमनी इकडच्यांनाही सांगितलं होतंच की. शिवणकाम करते म्हणे, तसा हाही निवृत्त मास्तर होताच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मुलगी. मास्तरांना सांगताना रोज फोन, आत्याबाईंना सांगताना चार महिने फोन नाही. इतके दिवस त्यानं याला बाईचा मानी स्वभाव समजलं होतं. आता तो कपाळावर हात मारून हसला. कसला मान आणि कसलं काय! कुणाला काय सांगितलं ते विसरली होती. वही ठेवली नव्हती बाईनं!

दुसऱ्या कुणाला असं सुचलं नसतं. नोकरी करून करून ज्याची नजर तशी झाली त्यालाच हे सुचणार. पण त्याला राग आला का? मुळीच नाही. उलट उकळ्या फुटत होत्या. ती पगारी असेल तर तीही अशाच एका फोमच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, अंगावर खोटी माणसं घेऊन बसलेली असणार. म्हणजे आता कुणीच कुणाला फसवायचं कारण उरलं नाही. आता तो बोलू शकेल, स्वतः, स्वतःच्या आवाजात. रविवारी गाडीनं जाऊन भेटूही शकेल. तो न्हाणीघरात गेला आणि स्वतःचा आवाज काढून बघू लागला. पहिल्यांदा मास्तर आले, मग नवा गडी आला. बऱ्याच वेळानं मधूनच एक साधा, जरा घोगरा आवाज निघाला, आणि तो ओळखीचा वाटेना म्हणून त्यानं तोच पक्का केला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती आली. “आज कोण?”

पाळी मास्तरांची होती. एकतिसावा टप्पा, रुंद पात्र. होडी मधोमध येईपर्यंत त्यानं कळ काढली. मग खोकला बाजूला ठेवला.

“ऐका,” तो म्हणाला. “आता पुरे झालं नाटक. मीही तुमच्यातलाच आहे.”

“अहो मास्तर, आवाजाला काय झालं? घसा बसला का?”

“हाच माझा आवाज. खराखुरा. आता तुम्हीही तुमचा काढा. तुमचं ऑफिस कुठे आहे? आमच्या खाली फर्निचरचं दुकान आहे, दिवसभर पॉलिशच्या वासानं डोकं उठतं.”

“कसलं ऑफिस?”

बाई तयारीची आहे, त्याला वाटलं. पहिला नियम सोडत नाही. तो हसला. “दोन ते चार! मिनिट इकडचं तिकडे नाही. शिफ्ट लपते का कधी?”

“खाली बाळ आहे हो,” ती गोंधळून म्हणाली. “दोन ते चार झोपतं. माझं मशीन फार खडखडतं, त्याची आई बिचारी रडकुंडीला येते. म्हणून तेवढा वेळ मी शिलाई बंद ठेवते. कसली शिफ्ट?”

आणि तेवढ्यात पलीकडून, लांबून, खालच्या मजल्यावरून यावं तसं एक मूल रडायला लागलं. गर्दीनं बावीस वर्षं रडणी ऐकली होती. केलेलं रडणं त्याच्या कानाला पहिल्या हुंदक्यात कळे. हे केलेलं नव्हतं. वल्हं हातातून सुटलं आणि होडी गोल फिरू लागली.

“मास्तर?”

“मी मास्तर नाही.” आता मागे फिरायला वाट नव्हती. “मी कंपनीचा माणूस आहे. पगारी. ‘जोडी’वर खेळायला कुणी नव्हतं, म्हणून आम्हाला ठेवलं. मला वाटलं, तुम्हीही…”

मूल रडत राहिलं.

“आणि आत्याबाई?” तिनं विचारलं. “त्याही पगारी?”

तो गप्प बसला. पण गप्प बसण्याचाही तिला अर्थ लागला असावा.

“आत्याबाई पण तुम्हीच?”

“हो.”

“त्यांचा गुडघा?”

“माझ्या आईचा होता.”

“फौजदार? तो माफी मागणारा पोरगा? तो दिवा न लावणारा?”

“मीच. सगळे मीच.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “म्हणजे मास्तरांना ठाऊक होतं. मी रोज थापा मारायचे, मुलीचा फोन आला, ती असं म्हणाली, तसं म्हणाली… आणि तुम्ही वा, वा म्हणायचात.”

“हो.”

“सगळं माहीत असून.”

तुमची मान खाली जाऊ नये म्हणून, असं ओठांवर आलं. पण ते आत्याबाईंच्या आवाजात आलं. आत्याबाईंनी बरोबर समजूत काढली असती, ‘अगं, असं मनाला लावून घेऊ नये’ म्हणाल्या असत्या, आणि ही बाई कदाचित रडून मोकळी झाली असती. त्यानं तो आवाज मोठ्या कष्टानं गिळला, आणि मग त्याच्याकडे बोलायला काहीच उरलं नाही.

“होडी मधेच आहे,” ती म्हणाली. “अशी टाकून जायला बरं वाटत नाही.”

तिनं डावं वल्हं मारलं. त्यानं उजवं. एरवी ती ‘एक… दोन…’ म्हणत ताल धरायची, आज मोजलं नाही. तरी होडी सरळ निघाली. तीन महिन्यांत एकदाही गेली नव्हती इतकी सरळ गेली. दोन भोवरे लागले, एक खडकांची रांग लागली. तिच्याकडचं मूल केव्हातरी झोपलं. होडी घाटाला लागली, पडद्यावर रंगीत पताका पडल्या आणि ‘शाबास! जोडी जमली!’ अशी अक्षरं नाचायला लागली. ती नाचून संपेपर्यंत दोघंही थांबले.

“सात माणसं होती हो माझ्याकडे,” ती म्हणाली. “कापड बेतताना मनात म्हणायचे, आज कोण येतंय बघू.”

“मी आहे ना,” तो म्हणाला. म्हणताना घशातून निम्मी हवाच निघाली.

“तुमचं नाव काय? खरं नाव?”

त्यानं सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेच्या हजेरीत सांगतात तसं. कितीतरी वर्षांत त्याला कुणी ते विचारलं नव्हतं.

तिनं ते ऐकलं, आठवून बघितलं असावं.

“या नावाच्या कुणाला मी ओळखत नाही हो,” ती म्हणाली. रागानं नाही. चुकून आपल्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला शेजारचं घर दाखवताना बोलतात, तितकं साधं. आणि पडद्यावरून सुईदोरा हे नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी तो दोन ते चार बसून होता. तिसऱ्या दिवशीही. पडद्यावर गोल चकरा मारत राहिला. चौथ्या दिवशी एक पाहुणा आला, दहा मिनिटं वल्हवून निघून गेला, आणि त्याच्याशी कुणाच्या आवाजात बोललो हे गर्दीला संध्याकाळी आठवेना. त्यानं त्या दिवशी शेरा मारला नाही. रविवारी बहिणीला तो एवढंच म्हणाला की जेवलो.

पुढच्या आठवड्यात मुख्य ऑफिसचं फर्मान आलं. दोन्ही खोल्यांतल्या रजिस्टरांची झाडाझडती घ्यायची, आपलीच माणसं गाळायची आणि खरी गिऱ्हाइकं किती जमली ते कळवायचं, म्हणजे पुढे यंत्र चालवायचं की बंद करायचं ते ठरेल. मॅडम कागद घेऊन एकेका टेबलाशी जात होत्या. बहुतेक नावांवर काट मारली जात होती. चष्मेवालीच्या पानावर तर एकही नाव उरलं नाही. मॅडम त्याच्या आडोशाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “काका, तुमचं एकच नाव आहे. सुईदोरा. बरेच दिवस दिसत नाही ती. आपल्यातलीच होती का हो, तिकडच्या खोलीतली? काट मारू?”

“नका मारू,” तो म्हणाला. “ती पक्की होती.”